थर्ड शिफ्टचा डबा: रात्री दोनला भाकरी द्यावी की नको?

मच्छेकर_वहिनी | रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मेल्टिंगला, म्हणजे धातू वितळवायच्या भट्टीवर आहेत. दर आठवड्याला पाळी बदलते. थर्ड शिफ्ट असली की रात्री अकरा ते सकाळी सात. निघताना घरी दोन घास खातात, कारण डबा बरोबर असतोच. डब्यात तीन भाकऱ्या, भाजी, शेंगाची चटणी, आमटी-भात. तो उघडतो रात्री दोनला. सकाळी आल्यावर इडली नाहीतर पोहे, मग झोप, आणि उठल्यावर चारला परत जेवण.

आता तपासणीत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आलंय. रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड, वाढलंय, पोट सुटलंय. वय ४१. त्यांच्या घरात कुणाला साखर नाही. "गोड कमी करा, चाला" असं सांगून पाठवलं. जेवणाच्या वेळा कुणी विचारल्याच नाहीत.

डब्यात काय द्यायचं ते मी बघून घेईन. मला विचारायचंय ते वेळेचं. तीच भाकरी रात्री दोनला खाल्ली आणि रात्री नऊला खाल्ली, यात शरीराला फरक पडतो का? सासूबाई म्हणतात, भट्टीपुढं राबणाऱ्याला उपाशी ठेवायचं नाही. त्यांचंही मला पटतं.

फेटलिंगवाला | रात्री ११.१५

वहिनी, सासूबाईंचं बरोबर हाय. मी पण थर्डलाच हाय, आत्ता पंचिंग करून लिहूलालोय. दोनचा डबा म्हणजे निम्म्या शिफ्टचा आधार. तो काढून घेतला तर चार वाजता माणूस बसकणच मारतोय. शुगर काय, पहिल्या शिफ्टवाल्यांना पण हाय की. आमच्या वडिलांनी जन्मभर रात्री खाल्लं, काही झालं नाही.

पुण्यात_बेळगावकर | रात्री ११.३२

माझी परदेशी क्लाएंटची शिफ्ट, संध्याकाळी सहा ते पहाटे तीन. ऑफिसमध्ये रात्री बाराला बिर्याणी फुकट. दोन वर्षांत पॅन्टची साइज किती वेळा बदलली विचारू नका. धागा वाचतोय.

सिस्टर_टिळकवाडी | रात्री २.४०

ब्रेकमध्ये लिहितेय. मी वॉर्डात आहे, नाइट ड्यूटी वर्षानुवर्षं. फरक पडतो वहिनी, आणि चांगलाच पडतो. आमच्यातल्या निम्म्या जणी नाइटच्या आठवड्यात छातीत जळजळ, गॅस, बद्धकोष्ठ घेऊनच घरी जातात. मी रात्रीचं जेवण नऊच्या आत घरीच करून येते. दोनला फक्त एक वाटी मटकी किंवा थोडे फुटाणे, ताक. तेवढ्यानं भागतं. सुरुवातीचे चार-पाच दिवस भूक लागते, नंतर नाही लागत.

@फेटलिंगवाला दादा, तुमच्या वडिलांची साखर कुणी तपासली होती का कधी?

फेटलिंगवाला | पहाटे ३.०५

नाही तपासली. ते बरोबर बोललात सिस्टर.

फिजिशियन_कॅम्प | सकाळी ८.२०

मच्छेकर वहिनी, प्रश्न फार नेमका विचारलात. डॉक्टर मंडळी "काय खाता" विचारतात, "कधी खाता" राहून जातं.

मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, शरीराचं मुख्य घड्याळ आहे. ते उजेडावर चालतं. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली घड्याळं असतात आणि ती बरीचशी जेवणाच्या वेळेवर लागतात. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं याच्या शोधाला २०१७ चं वैद्यकातलं नोबेल मिळालं, हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना. रात्री मेंदू म्हणतो झोप, आणि त्याच वेळी तीन भाकऱ्या आत येतात. यकृताला वाटतं दिवस उगवला. अशी दोन घड्याळं दोन दिशांना ओढत राहतात.

रात्री अंधार पडल्यावर मेलाटोनिन वाढतं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर त्याचा निरोप घेणारे रिसेप्टर असतात आणि ते इन्सुलिनचा हात आखडता करायला लावतं. म्हणून तीच भाकरी, तोच भात, दुपारी एकला खाल्ल्यावर साखर जितकी चढते त्यापेक्षा रात्री जास्त चढते, आणि उतरायलाही वेळ लावते. माणूस धडधाकट असला तरी.

बोस्टनमध्ये यावर एक प्रयोग झाला, २०२१ साली छापून आला. १९ निरोगी तरुण माणसं, १४ दिवस प्रयोगशाळेत, रात्रपाळीसारखं जागवलेली. एका गटाला दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा जेवण, दुसऱ्या गटाला जागरण तेच पण जेवण फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही. जागरण दोघांचं सारखंच होतं, फरक जेवणाच्या वेळेचा होता.

प्रयोग छोटा आहे हे मान्य. पण वहिनींच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं तर, होय, फरक पडतो.

थ्रीफेज_शेतकरी | सकाळी ९.१०

डॉक्टर, मग आमचं काय? आमच्याकडं मोटारीला थ्री फेज रात्री येतो. उसाला पाणी पाजायला बारा-एकला बॅटरी घेऊन शेतात. साप, विंचू, चिखल. परत आल्यावर गरम भात-आमटी खाऊन झोपतो. पाळीचा भत्ता नाही की तपासणी नाही. कारखान्यातल्या लोकांची निदान नोंद तरी होते रात्रपाळी म्हणून.

खानापूर_रानवारा | सकाळी ९.४५

+१ थ्रीफेज दादा. रात्रपाळीचा विषय निघाला की शेतकऱ्याचं नावच येत नाही. दिवसा वीज द्या, निम्मे आजार जातील.

निपाणीकर | सकाळी १०.०२

विजेचा वेगळा धागा काढा, तिथं दोनशे प्रतिसाद मी एकटा देतो. :) इथं वहिनींच्या डब्याचं बघू.

मूलगामी | सकाळी ११.३०

डॉक्टर, एकोणीस अमेरिकन पोरांवरून उद्यमबागेतल्या कामगाराला सल्ला द्यायचा? ते पाव-पास्ता खाणारे, आपण ज्वारीची भाकरी खाणारे. आपलं शरीर रात्रीच्या कामाला सरावलेलं असतं. शिवाय रात्रपाळीवाल्याला साखर होते ती झोप कमी, बिडी, तंबाखू, व्यायाम नाही, यानं. जेवणाच्या वेळेवर खापर फोडण्यात अर्थ नाही.

फिजिशियन_कॅम्प | दुपारी १.४०

@मूलगामी, हरकत योग्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत परिचारिकांचा फार मोठा अभ्यास चालतो, पावणेदोन लाखांवर बायका. त्यातून २०११ साली निघालेला निष्कर्ष असा, की फिरत्या रात्रपाळीची वर्षं वाढतात तसा टाइप २ मधुमेहाचा धोका चढत जातो. वीस वर्षांवर रात्रपाळी केलेल्यांत तो कधीच न केलेल्यांपेक्षा ५८ टक्के जास्त होता. वजनाचा हिशोब वेगळा काढला तरी २४ टक्के उरला. म्हणजे तुम्ही म्हणता ते खरं, मोठा वाटा वजन वाढण्याचा आहे. पण सगळा नाही. धूम्रपान, व्यायाम, आहार हेही त्यांनी हिशोबात धरलं होतं.

"शरीर सरावतं" याबद्दल मात्र मी ठाम विरोधात आहे. बहुतेक कायम रात्रपाळीवाल्यांचंही मुख्य घड्याळ पूर्ण उलटं होत नाही, कारण सकाळी सातला घरी येताना ऊन डोळ्यांत जातं आणि सुट्टीच्या दिवशी माणूस परत दिवसाचा होतो. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याचं तर सरावायला लागेपर्यंत पाळीच बदललेली असते.

आणि ज्वारी. ज्वारी चांगलीच आहे, मी स्वतः खातो. पण तीन भाकऱ्या आणि वर भात हे रात्री दोनला ज्वारीचं असलं तरी पिष्टच आहे. आपल्या लोकांचं तर जास्त जपायला हवं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ च्या पाहणीप्रमाणे देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर. वहिनींचे हे त्या उंबरठ्यावर आहेत. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असताना मागे फिरता येतं, म्हणून मी इतकं लिहितोय.

फेटलिंगवाला | दुपारी ४.३०

डॉक्टर, सगळं खरं. पण भट्टीपुढं उभं राहून बघा एकदा. धातू चौदाशे डिग्रीला असतोय. कपडे पिळले तर पाणी निघतंय. अशात एक वाटी मटकीवर माणूस टिकणार? वॉर्डातलं काम आणि आमचं काम एक नाही. सिस्टर, राग मानू नका.

सिस्टर_टिळकवाडी | संध्याकाळी ५.१५

राग नाही दादा. पण पेशंट उचलून बघा एकदा. :)

फिजिशियन_कॅम्प | संध्याकाळी ७.००

फेटलिंगवाल्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. फक्त यात दोन गोष्टी एकात मिसळल्यात. घामानं जातं ते पाणी आणि मीठ. ते भरून काढायचं रात्रभर, थोडं थोडं, तहान लागायच्या आधी. पाणी, मीठ घातलेलं पातळ ताक, लिंबू-मीठ पाणी. रक्तदाबाचे रुग्ण असतील त्यांनी मिठाचं आपल्या डॉक्टरांना विचारायचं. चार वाजता जो गळाठा येतो त्यात बराच भाग पाणी कमी पडण्याचा आणि त्या वेळच्या झोपेचा असतो. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात, पोट भरलेलं असो वा रिकामं. उलट दोनला टम्म जेवलेल्याला पेंग जास्त येते.

जेवण कमी करा असं मी म्हणत नाहीये. दिवसभराचं तेवढंच अन्न, पण मोठा वाटा रात्री साडेआठ-नऊला घरी. दोनला आधारापुरतं.

कोअरशॉप | रात्री ८.२०

आमच्याकडं रात्री गूळ वाटतात. धूळ गिळली जाते, गूळ खाल्ला की घसा-छाती साफ होते म्हणतात. वर दोनला आणि चारला चहा, साखर दणकून. डॉक्टर, या गुळाचं काय?

फिजिशियन_कॅम्प | रात्री ९.०५

सिलिकाची धूळ जाते फुप्फुसात, गूळ जातो पोटात. दोन्ही रस्ते वेगळे. गुळानं घशाला ओलावा मिळतो तेवढाच. धुळीला उपाय म्हणजे चांगला मास्क आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणा, आणि ती मालकाकडून मागून घेतलीच पाहिजे. गूळ वाटून ती जबाबदारी संपत नाही.

साखरेच्या बाबतीत गूळ म्हणजे साखरच. एका रात्रीत चार कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर. त्यावर गुळाचा खडा. इन्सुलिन नेमकं मंद असतं त्या वेळी. चहाचं दुसरं दुखणं असं की पाच-एक तासांनीसुद्धा त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. चारला प्यायलेला चहा सकाळी नऊची झोप खातो.

वडगाव_मागवाला | रात्री ९.४०

गुळावरून आठवलं. आमच्या मागांवर रात्री बारानंतर मिरची भजी आणि चुरमुरे यायचे, गाडीवाल्याला ठरलेली वेळ माहीत असायची. माग थांबला तरी चालेल, भजी थांबायची नाही. आता वडगाव-खासबागला मागच कमी झाले. पण भज्याची ती सवय लोकांच्या पोटात अजून आहे. डबा कितीही शहाणा दिला तरी गेटबाहेर गाडी उभी असते, हे वहिनींनी धरून चालावं.

पुण्यात_बेळगावकर | रात्री ९.४८

मिरची भजी म्हणू नका हो, इथं पुण्यात तसली मिरची मिळत नाही.

निपाणीकर | रात्री ९.५५

आणि वर कुंदा. विषय संपला.

मच्छेकर_वहिनी | रात्री १०.३०

कुंद्याचं नाव यांच्यासमोर काढू नका. :) सगळ्यांचे आभार. यांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. मटकीला नाक मुरडलं, पण गुळाचं ऐकून गप्प झाले. आता मला वेळापत्रक बसवायचंय. आमच्याकडं पोरं दुपारी शाळेतून येतात, घर लहान, दुपारी सासूबाईंचा टीव्ही. झोपच धड होत नाही तर जेवणाची वेळ कशी धरायची?

साखर_केमिस्ट | रात्री ११.१०

मी साखर कारखान्यात लॅबला. सीझनला आमच्या पाळ्या ४ ते १२, १२ ते ८, ८ ते ४. बारा ते आठची रात्र सगळ्यात वाईट, कारण झोपेच्या ऐन वेळी माणूस कामावर उभा असतो. मी काय करतो ते लिहितो. आठ वाजता घरी पोटभर जेवण, सगळ्यांबरोबर. मग दोन तास आडवा. कारखान्यात दोन-अडीचला दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर शेंगदाणे, एक काकडी. तीननंतर चहा बंद. सकाळी साडेआठला एक नाचणीची आंबील किंवा लहान भाकरी-भाजी, म्हणजे झोपेत भूक उठवत नाही. खिडकीला जाड गोधडी टाकून झोप. उठल्यावर अडीचला दुसरं मुख्य जेवण.

फोन बंद ठेवा हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. दुपारी अकराला "झोपलायस काय?" विचारायला फोन करणारे पाहुणे मी तोडले.

लोंढा_जंक्शन | रात्री ११.५०

आमची रेल्वेची पाळी आठवड्यावर नाही, रोस्टरवर फिरते. आज पहाटे दोनला हजर, परवा संध्याकाळी. केमिस्टसाहेबांचं वेळापत्रक आम्हाला लागू होत नाही. शिवाय माझी साखर ठरलेली आहे, गोळ्या चालू. मी रात्रीचं खाणं सोडू का?

फिजिशियन_कॅम्प | सकाळी ७.४५

@लोंढा_जंक्शन, थांबा. हे सगळ्यांनी वाचावं.

ज्यांना इन्सुलिन आहे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या आहेत, त्यांनी या धाग्यावरून एकही जेवण सोडायचं नाही. या औषधांवर जेवण चुकलं तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढं अंधारी. भट्टीपुढं तर घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे साखर उतरलीय हे ना त्याला कळतं ना शेजारच्याला. गाडी चालवणाऱ्याचं, सिग्नल सांभाळणाऱ्याचं तर सांगायलाच नको. आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा, रोस्टर दाखवा, त्याप्रमाणे गोळीची वेळ किंवा गोळी बदलून घ्या, मग डबा बदला. खिशात ग्लुकोज ठेवा. तिथं गूळही चालेल, @कोअरशॉप.

फिरत्या रोस्टरसाठी दुसरी पद्धत आहे. अमेरिकेत सॅन दिएगोच्या १३७ अग्निशामक जवानांवर २०२२ साली अभ्यास आला. त्यांची ड्यूटी चोवीस तासांची. ड्यूटी बदलली नाही, फक्त दिवसातलं सगळं खाणं दहा तासांच्या आत बसवलं, १२ आठवडे. ज्यांची साखर किंवा रक्तदाब आधीच वाढलेला होता त्यांच्यात एचबीए१सी आणि खालचा रक्तदाब दोन्ही सुधारले. म्हणजे ड्यूटी हलली तरी खाण्याचे दहा तास शक्यतो दिवसाच्या बाजूला धरायचे. अर्थात गोळ्यांचं वर लिहिलंय ते आधी.

काकती_इमाम | सकाळी ९.३०

रमजानला थर्ड शिफ्ट असली की आमचं उलटं होतं. इफ्तार घरी, जेवण पोटभर, आणि पहाटे चारला सहरी कामावरच. त्या महिन्यात माझी ॲसिडिटी कमी असते ती सहरीला खजूर, दही आणि थोडा भात एवढंच खातो म्हणून. बाकीचे अकरा महिने दोनला दाबून जेवतो. आज हा धागा वाचून तो हिशोब लागला. साखरवाल्यांनी मात्र रोजाआधी डॉक्टरांना भेटावंच.

मूलगामी | सकाळी १०.१५

डॉक्टरांचं उत्तर पटलं, गोळ्यांचं लिहिलंत ते फार बरं केलंत. माझं एक म्हणणं उरतंच. सगळा भार डबा भरणाऱ्या बाईवर आणि खाणाऱ्या कामगारावर. दर आठवड्याला पाळी उलटवायची की सरळ क्रमानं, म्हणजे फर्स्टनंतर सेकंड आणि मग थर्ड, हे मालक ठरवतो. रात्रीच्या कॅन्टीनमध्ये वडा-पाव ठेवायचा की उसळ-दही, हेही तोच ठरवतो. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये अडीचशेच्या वर कामगार असले तर कॅन्टीनची अट होती. उद्यमबागेतले कित्येक कारखाने तेवढे मोठेच नाहीत, मग कॅन्टीन म्हणजे गेटवरची गाडी. चार-पाच छोट्या कारखान्यांनी मिळून रात्रीचं एक चांगलं स्वयंपाकघर का चालवू नये?

फेटलिंगवाला | सकाळी ११.००

हे बोलला आता माणूस. युनियनमध्ये मांडतो.

सिस्टर_टिळकवाडी | दुपारी ३.१०

तपासणीचं एक राहिलं. नाइट करून तसंच लॅबला जाऊन लोक "फास्टिंग" देतात. पाचला चहा-बिस्कीट झालेलं असतं, ते फास्टिंग नव्हेच. आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. ते जमत नसेल तर एचबीए१सी करा, त्याला उपाशी लागत नाही. अंगात रक्त कमी असेल तर तो आकडाही फसवतो, तेव्हा हिमोग्लोबिन बरोबर बघून घ्या.

आणि मच्छेकर वहिनी, तुम्ही स्वतः कधी जेवता?

मच्छेकर_वहिनी | रात्री ८.४०

सिस्टर, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. थर्डला यांना निरोप देऊन, आवरून साडेअकरा होतात. सेकंडला हे रात्री साडेअकराला येतात, मग त्यांच्याबरोबर बारा. म्हणजे रात्रपाळी माझीही झालीच.

हा आठवडा असं केलं. साडेआठला सगळेच जेवलो, पोरं, सासूबाई, हे, मी. यांना भाकरी-भाजी-आमटी पोटभर. डब्यात मोडाच्या मुगाची उसळ, एक अर्धी भाकरी, काकडी, ताकाची बाटली वेगळी. सकाळी एक वाटी आंबील. पहिल्या दोन रात्री चारला भूक लागली म्हणाले, तेव्हा शेंगदाणे वाढवले. गूळ घेतात पण घरी आणून मला देतात. जळजळ थांबलीय. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज आपणहून बंद केला, "उपाशी नाही ना जात पोरगं" हे डोळ्यांनी बघितल्यावर. तीन महिन्यांनी परत एचबीए१सी करणार आहोत, आकडा इथं टाकीन.

आता सोमवारपासून सेकंड शिफ्ट, तीन ते अकरा. तेव्हा रात्रीचं जेवण कसं करायचं?

साखर_केमिस्ट | रात्री ९.२०

सेकंडला मुख्य जेवण दुपारी दीड-दोनला, निघायच्या आधी. डबा सात-साडेसातच्या ब्रेकला खायचा, तोच रात्रीचं जेवण समजायचं. भाकरी त्यात असू दे. घरी आल्यावर फक्त ताक नाहीतर कोमट दूध. आणि वहिनी, तुम्ही पोरांबरोबर आठला जेवून घ्या, त्यांच्यासाठी थांबू नका.

फिजिशियन_कॅम्प | रात्री ९.४५

केमिस्टसाहेबांशी सहमत. दूध बिनसाखरेचं. वहिनी, तुमचंही एचबीए१सी त्यांच्याबरोबरच करून घ्या.